मदत हवी आहे: काळ्या शाईत पैलवान हरवतोय

कोल्हापुरातल्या तालमीतल्या पैलवानाचं सुपरहिरो कॉमिक काढतोय. १६ पानं, ए-५, फक्त कृष्णधवल, कारण प्रती झेरॉक्सवरच काढायच्यात. वळण ‘हेलबॉय’ कॉमिकचा चित्रकार माइक मिग्नोला याचं: सपाट गडद काळं, चेहऱ्यावर जेमतेम दोन रेषा. आखाड्यातला अंधार झकास जमतो. पण धोबीपछाड मारला की दोघे मिळून एकच काळा गोळा! स्केचेस तालमीत बसूनच केलीत, शरीररचना चुकलेली नाही. जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी काढायचा तसे अंगावर येणारे हातपाय काढून बघितले. जोर आला, पण पान भलत्याच कॉमिकमधलं वाटायला लागलं. करड्या छटा झेरॉक्समध्ये चिकटून काळ्याच होतात, ब्रश बदलूनही तेच. काळं कमी न करता, निव्वळ बाह्याकृती आणि चौकटींच्या मांडणीतून डाव कळेल असं कसं करायचं?