अनुभव सांगा: लिनक्स आणि आपले जुने संगणक

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या डेबियन नावाच्या संचाची नवी आवृत्ती, आणि त्यात जुन्या ३२ बिटी पीसीसाठीचा इन्स्टॉलर (प्रणाली बसवून देणारा प्रोग्राम) उरला नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतले, तो तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ मध्येच, वगळला होता. या निमित्ताने, लिनक्सशी पहिली झटापट आपण ज्या यंत्रावर केली त्याविषयी लिहावे, ही विनंती. कोणते डिस्ट्रो (डेबियन, रेड हॅट, उबुंटू असा लिनक्सचा तयार संच) श्रेष्ठ, हा वाद कृपया येथे नको.

डोंबिवली
मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी रेड हॅट लिनक्स बसवत होतो, तेव्हा सगळे सुरळीत होऊन गाडी मॉनिटरपाशी अडली. आडव्या सिंकची वारंवारता, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती आडव्या ओळी रेखतो, ती किती, असे इन्स्टॉलर विचारत होता आणि मॉनिटरची पुस्तिका घरात कुठेच सापडत नव्हती. चुकीचा आकडा दिल्यास मॉनिटर खराब होऊ शकतो, अशी ताकीदही सोबत होती. बाबांनी कर्ज काढून घेतलेल्या संगणकावर तो धोका पत्करण्याची हिंमत कोणात असणार? शेवटी ३१.५ किलोहर्ट्झ, म्हणजे साध्या व्हीजीए या जुन्या पडदा-मानकाचा, कोणताही मॉनिटर पेलेल असा आकडा दिला. पडदा क्षणभर काळा झाला, आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि करड्या जाळीदार पार्श्वभूमीवर काळी फुली उमटली. ती फुली माउसबरोबर हलते आहे, एवढेच पाहत मी बराच वेळ बसलो. पुढे ८०० बाय ६०० साठी ३८ किलोहर्ट्झपर्यंत जाण्याचे धैर्यही आले.

मुंबई
लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारे बहुतेक इंटर्नल मोडेम (फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारी, संगणकाच्या आत बसवायची कार्डे) लिनक्सवर मुके असत. कारण सरळ होते: सिग्नलवर प्रक्रिया करण्याचे काम त्या कार्डातून काढून प्रोसेसरवर टाकलेले असे, आणि ते करणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी लिहिलेला असे. मी पैसे साठवून सीरियल पोर्टला लावायचा एक्स्टर्नल मोडेम घेतला. त्याचे दिवे पाहून जोडणी कुठे अडली आहे हे कळायचे. ती सोय आजच्या राउटरमध्ये मला तरी दिसत नाही.

संगमनेर
उबुंटूची सीडी घरपोच आणि फुकट येत असे. ब्रॉडबँड नसलेल्या आमच्यासारख्यांना तोच एक मार्ग होता, आणि २०११ मध्ये तोही बंद झाला.

कोल्हापूर
माझा पेंटियम थ्री अजून चालू आहे, पण हौस म्हणून नव्हे. त्याच्या मदरबोर्डवर फ्लॉपी कंट्रोलर आहे, जो नव्या बोर्डांवर नसतो. नात्यातले लोक जुन्या फ्लॉप्या आणून देतात. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा मजकूर वाचवणारा प्रोग्राम आहे. ते आधी धड असलेला भाग वाचून घेते आणि खराब सेक्टरांकडे नंतर वळते, त्यामुळे बुरशी आलेल्या फ्लॉपीतूनही बरेच काही हाती लागते. खरी मेहनत त्यानंतरची असते, कारण युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक अक्षरसंकेत-पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर उघडला की रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो, आणि कोणत्या फाँटमध्ये तो लिहिला होता हे लिहिणाऱ्यालाही आठवत नसते. त्या काळच्या फाँटांचे अक्षरतक्ते कोणी जपून ठेवले असतील, तर त्यांनी येथे अवश्य लिहावे.