आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचंय: १५ हजारांत काय घ्यावं, आणि पत्र्याच्या शेडात आवाज कसा धरावा?

औशाकडचा

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला. आमचं गाव किल्लारीजवळचं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. माझा जन्मच नव्या गावातला, त्यामुळं जुनं गाव मला ठाऊक आहे ते फक्त आजीच्या तोंडून. आजी आता ८१ वर्षांची आहे. १९९३ ची अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून उशिरा झोपलेलं गाव, आणि दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते, हे ती वर्षातून एखाद्या वेळी सांगते. सांगते त्या दिवशी आमच्या घरात कोणाला जेवण जात नाही.

तिच्या वयाची माणसं गावात आता सात-आठच राहिलीत. त्यांचं सांगणं त्यांच्याच बोलीत, एका भागात एक माणूस, असा पॉडकास्ट करायचं मी ठरवलंय. सोयाबीनच्या पैशातले १५ हजार बाजूला ठेवलेत. जुना लॅपटॉप आहे.

मोबाइलवर करून बघितलं, जमंना. आतली खोली सिमेंटची, दहा बाय बारा, भिंती रिकाम्या. तिथं बोललं की हौदात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतंय. बाहेर पत्र्याचं शेड आहे. आजीचा सगळा वावर तिथंच, स्लॅबखाली ती आजही झोपत नाही. पण शेडात पंखा, पलीकडं पिठाची गिरणी, कोंबड्या आणि कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर.

आणखी एक कोडं आहे. आजी बोलता बोलता थांबली की रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज हळूहळू मोठा होत जातो. ती परत बोलली की पंखा मागं सरतो. खरा पंखा तर एकाच गतीनं फिरत होता. असं का होतं? आणि कोणता माईक घेऊ?

रात्रपाळी

भाऊ, यूएसबी कंडेन्सर माईक घे, लॅपटॉपला जोड, विषय संपला. मी व्हिडिओसाठी दोन वर्षं तोच वापरतोय. आवाज एकदम भरीव येतो, श्वाससुद्धा ऐकू येतो.

मंडपवाले काका, अंबाजोगाई

वरच्या भावाच्या बंद खोलीत तो माईक उत्तम चालत असेल. शेडासाठी तो घेऊ नका. कंडेन्सर माईकचा पडदा फार हलका असतो, म्हणून तो बारीकसारीक सगळं टिपतो. माणूस चार हात लांब बसला तर श्वासाबरोबर गिरणी, कोंबडी आणि लॅपटॉपचा पंखाही त्याच तपशिलात येणार. शिवाय लॅपटॉप आला की त्याची वायर आली, लाइट आली, आणि म्हाताऱ्या माणसासमोर एक यंत्र उघडून ठेवल्यासारखं झालं.

मी बावीस वर्षं मंडप आणि साउंडचं काम करतो. सप्ताह, कीर्तनं, लग्नं, सभा. गेली सहा वर्षं जुन्या कीर्तनकारांचं बोलणं जमेल तसं रेकॉर्ड करून ठेवतो. त्यावरून सांगतो.

आधी तुमचं पंख्याचं कोडं. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करतो. माणूस गप्प झाला की त्याला वाटतं आवाज फार बारीक झाला, म्हणून तो ओढून मोठा करतो, आणि त्या ओढण्यात पंखा वर येतो. फोनवर बोलायला ही सोय चांगली आहे. तुमच्या कामाला ती घातक आहे, कारण आजी जिथं थांबते तिथंच तर ऐकायचं आहे. म्हणून पातळी हातानं लावता येईल असंच साधन घ्या. मोबाइलच वापरायचा झाला तर आपोआप पातळी बंद करता येणारं ॲप घ्या आणि फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेटवर्कची टिरटिर वायरीतून आत शिरते.

तुमच्या पैशात मी काय घेईन? झूम एच वन एन हा हातातला रेकॉर्डर किंवा त्याच जातीचा दुसरा, एक कॉलरला लावायचा वायरचा माईक, आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. रेकॉर्डर दोन बारीक सेलवर कित्येक तास चालतो. त्याच्या तोंडावर 'ऑटो लेव्हल'चं बटण आहे, ते बंद ठेवा. 'लो कट' चालू ठेवा, त्यानं गिरणी-ट्रॅक्टरची खालची घरघर कमी होते. कॉलर माईकमध्ये बोया बीवाय-एम वन हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटरची आहे, म्हणजे तुम्ही लांब बसू शकता. पिन मात्र बघून घ्या. मोबाइलच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरच्या पिनवर दोन. मधला जोड लागू शकतो, तो दुकानातच जोडून, ऐकून घ्या. त्या माईकला एक बारका सेल आणि एक बटण आहे, मोबाइलसाठी एकीकडं, रेकॉर्डर-कॅमेऱ्यासाठी दुसरीकडं. बटण चुकलं की लोक माईकला नावं ठेवतात.

हेडफोनवर कंजुषी करू नका आणि तो कानाला लावल्याशिवाय लाल बटण दाबू नका. केज तालुक्यातल्या एका वृद्ध कीर्तनकारांचं दोन तासांचं बोलणं मी हेडफोन न लावता घेतलं होतं. पिन अर्धीच बसली होती. घरी येऊन लावलं तर नुसती खरखर. परत जाऊ म्हणता म्हणता चार महिने गेले आणि महाराजही गेले. ती खरखर अजून माझ्याकडं आहे, पुसायला हात होत नाही.

आता जागेचं, कारण आवाज निम्मा जागेवर ठरतो. बसायच्या ठिकाणी जोरात टाळी वाजवा. मागून झणकार आला तर तोच झणकार आजीच्या प्रत्येक शब्दामागं येणार. जुन्या माळवदाच्या घरात टाळी जागीच विरायची. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर, कोनाडे, उतरंडी, पोती. आवाजासाठी त्याहून चांगली खोली मी बघितली नाही. आणि त्याच दगडमातीच्या ओझ्याखाली तुमच्याकडची माणसं झोपेत गेली. म्हणून आजीला 'आत बसा, आवाज चांगला येतो' असं एकदाही म्हणू नका. ती जिथं बसते तिथं माईक गेला पाहिजे.

शेडात तिच्या पाठीमागं आणि एका बाजूला दोरी बांधून जाड वाकळा सोडा. धान्याची भरलेली पोती असतील तर उघड्या पत्र्याच्या कडेला रचा. माईक तोंडापासून एक वीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज ६ डेसिबलनं उतरतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. जवळच्या स्वस्त माईकनं लांबच्या महागड्या माईकला मागं टाकलेलं मी कितीदा ऐकलंय.

वेळ पहाटेची धरा. ऊन चढलं की पत्रा तापून तडतडतो, आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. आणि लाइट कधी जाते त्याची वेळ काढून ठेवा. लाइट गेली की गिरणी बंद, पंखे बंद, फ्रीज बंद, मोटारी बंद. तुमचा रेकॉर्डर सेलवर आहे. गावात तेवढी शांतता दुसऱ्या कशानं मिळत नाही.

पातळी अशी लावा की ती जोरात बोलली तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो, फाटलेला शिवता येत नाही. फाइल वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होतं, ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं. सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती जागा रेकॉर्ड करा. पुढं ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायला तोच नमुना लागतो. ऑडॅसिटी फुकट आहे. पण खरखर काढायचं औषध थोडंच द्या, जास्त दिलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

औशाकडचा

काका, खरखरीचं वाचून दोन दिवस काही लिहू वाटलं नाही. तुमच्या शब्दावर रेकॉर्डर आणि हेडफोन लातुरातून आणला. कॉलर माईक पण घेतला, जोड दुकानात लावून ऐकून.

आता अडचण अशी की आजी नऊवारी नेसते, डोक्यावरून पदर. माईक लावू कुठं? पदराला लावला तर नुसतं घासायलंय. हातात काकणं आहेत, गळ्यात मणी आहेत. आणि ती रडायला लागली तर मी काय करायचं, बंद करायचं का?

जात्याची लेक, सेलू

दादा, मी शाळेत शिकवते. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी चार वर्षांत थोड्या थोड्या करून रेकॉर्ड केल्या, त्यामुळं पदर आणि काकणं या दोन्हींशी माझी ओळख आहे.

माईक पदराला लावू नका. चोळीच्या गळ्याच्या काठाला, मण्यांपासून बाजूला लावा. लावताना घरातल्या बाईला लावू द्या, तुम्ही हात घालू नका. वायरीचा एक लहान वळसा करून ती कापडी चिकटपट्टीनं चोळीलाच चिकटवा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माईकपर्यंत जात नाही. डोक्यावरचा पदर राहू द्या, तो माईकवरून जात नाही एवढं बघा. काकणं काढायला सांगू नका. माझ्या आईला मी सांगितलं होतं, तिनं काढली नाहीत आणि तिचं बरोबर होतं. मांडीवर लहानशी उशी दिली की हात उशीवर राहतात आणि किणकिण कमी होते. थोडी राहिली तर राहिली.

जात्याच्या बाबतीत मला जवळचा माईक उलट नडला. आईच्या तोंडाशी लावला तर जात्याची घरघर गेली आणि ओवी उघडी पडल्यासारखी झाली. मग रेकॉर्डर हातभर लांब, दुमडलेल्या वाकळेवर ठेवला, कारण जमिनीवर ठेवला की जात्याचा हादरा सरळ त्यात जातो. तेव्हा कुठं दोन्ही आवाज जुळले. तुमच्या गावात ओव्या म्हणणारी कोणी असेल तर हे लक्षात ठेवा.

बोलताना तुम्ही 'हां', 'बरं', 'मग' म्हणू नका. मान हलवा, डोळ्यात बघा. माझ्या पहिल्या वर्षाच्या रेकॉर्डिंगमध्ये आईच्या प्रत्येक ओळीवर माझं 'हं' आहे. आजीला एका कानानं कमी ऐकू येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा, म्हणजे ती ओरडून बोलत नाही.

रडली तर यंत्राकडं हात नेऊ नका, तिच्याकडं न्या. पाणी द्या. बंद कर म्हणाली तर तिच्या डोळ्यादेखत बंद करा. गप्प झाली तर मनात दहा अंक मोजा, आणि मगच पुढचा प्रश्न. मला अनुभव आहे, आठव्या-नवव्या अंकाला माणूस ते बोलतो जे आधी कोणाला बोललेला नसतो.

आणि प्रसिद्ध करायच्या आधी तिला पूर्ण ऐकवा. ती शेजारपाजारच्या गेलेल्या माणसांची नावं घेईल. त्यांची लेकरं आज गावात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय एकही नाव बाहेर सोडू नका.

औशाकडचा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. पहिलं रेकॉर्डिंग झालं.

पहिले दोन दिवस मी नुसता रेकॉर्डर शेडात ठेवून आजीशी इकडचं तिकडचं बोललो, शेंगा फोडत. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला लाइट जायची होती. रात्रीच चार वाकळा बांधल्या, सोयाबीनची पोती सरकवली. मायनं माईक लावला. लाइट गेली आणि काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. हेडफोनमध्ये आजीच्या शब्दांच्या मागं कायच नव्हतं. लांबून एक टिटवी, बास.

ती ४१ मिनिटं बोलली. माळवदावर वाळत घातलेल्या उडदापासून सुरुवात केली, मला वाटलं होतं ती थेट रात्रीवर येईल. माझ्या धाकट्या चुलत्याचं नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तो सहा वर्षांचा होता. नाव घेतल्यावर ती थांबली. मी मोजत बसलो, दहा झाले, वीस झाले. नंतर ऑडॅसिटीत बघितलं तर २३ सेकंद.

काल तिला सगळं ऐकवलं. हेडफोन घालायला नको म्हणाली, म्हणून स्पीकरवर. त्या जागेवर आल्यावर मी विचारलं, आजी, एवढं मोकळं राहिलंय, कापू का? तर म्हणाली, "राहू दे. तवा बी असंच गप झालतं समदं."

ठेवलंय. तिथं खरखर काढायचं औषधही लावलं नाही.

आता पुढचं. दुसऱ्या गल्लीत एक आजोबा आहेत, वय ८५, त्यांनी मलब्यातून माणसं काढली होती. त्यांच्या घराला लागूनच गिरणी आहे आणि त्या फीडरवर लाइट पहाटे जात नाही. त्यांना आमच्या शेडात आणू का? आणि सगळं झाल्यावर आवाज किती मोठा ठेवून चढवायचा?

मंडपवाले काका, अंबाजोगाई

त्यांना हलवू नका, तिथंच जा. गिरणीवाल्याला आधी भेटा, काम काय आहे ते सांगा आणि एक तास मागा. कोणाचं बोलणं घ्यायचंय हे ऐकल्यावर तुमच्या गावात तो तास कोणी नाकारणार नाही.

आवाज चढवताना मोनो फाइल उणे १९ लफ्सवर, स्टिरिओ असेल तर उणे १६ वर. लफ्स म्हणजे सगळं मिळून आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' आहे, तिथं आकडा भरायचा. मूळ फाइलला हात लावू नका. तिची एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा. आजच ठेवा.