धागा: थ्री नॉट थ्री आणि तिच्या म्हाताऱ्या बहिणी, तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ (ओहायो)
परवा मित्राने ओढून नेलं म्हणून इथल्या एका गन शोला गेलो. एका टेबलावर एक आजोबा आणि त्यांच्यासमोर जुन्या लष्करी रायफली मांडलेल्या. त्यातली एक थ्री नॉट थ्री, म्हणजे इंग्रजांच्या काळची ली एनफिल्ड, हातात घेतली, बोल्टच्या (गोळी आत ढकलणारा दांडा) मागच्या लोखंडावर बघतो तर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. (राजा जॉर्जची खूण), मग ईशापूर (बंगालमधली रायफल फॅक्टरी) आणि १९४३. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गच्च गुंडाळलेली. आजोबा म्हणाले ही ग्रेनेड फेकायला वापरायचे, नळीच्या तोंडाला कप लावून, लाकूड तडकू नये म्हणून तार. मी काही बोललोच नाही, बोल्ट मागे ओढला आणि त्या आवाजासरशी थेट एनसीसीच्या कॅम्पात. उस्ताद डोक्यावर उभा, "बट कंधे में दबा के!", तोंडात माती आणि उजवा खांदा दुसऱ्या दिवशी जांभळा.
फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला, घरी घेऊन आलो. बायको अजून बोलत नाहीये पण ते होईल. इथे कुणी जुन्या लष्करी रायफली जमवतं का, चालवतं का? नुसत्या एनसीसीच्या आठवणी असल्या तरी चालतील. लिहा.

डब्बा_गोल
आमचा तर नेम बाजूच्याच्या टार्गेटवर लागायचा. त्याला पाचात सहा भोकं, माझं कोरं. उस्तादने त्याला शाबासकी दिली राव 😂

सायली_सिडनी
आमच्या बटालियनला मुलींच्या हातात पॉइंट टू टू (छोट्या गोळीची हलकी रायफल) द्यायचे, थ्री नॉट थ्री फक्त ड्रिलला, तीपण पांढरे पट्टे रंगवलेली डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, जिच्यातून गोळी सुटायचीच नाही. चार किलोचं ओझं उन्हात खांद्यावर आणि आवाज शून्य. त्याचा राग मनात होता बहुतेक, इथे आल्यावर क्लब जॉइन केला. कॅटेगरी बी लायसन लागतं, नुसती हौस आहे म्हटलं तर देत नाहीत, सबळ कारण दाखवावं लागतं, क्लबच्या शूटला हजेरी लावावी लागते, घरी सेफ. ९६ सालच्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सेमी-ऑटो गेल्या, बोल्टवाल्या राहिल्या. माझी लिथगोची आहे. ब्लू माउंटन्स ओलांडून गेलं की ते गाव, तिथे १९१२ साली फॅक्टरी सुरू झाली आणि आता तिथेच म्युझियम आहे, सिडनीकरांनी जाऊन या नक्की. पहिल्यांदा खरी गोळी मारली तेव्हा खांद्यापेक्षा गालाला जास्त लागलं. मुलगा म्हणाला आई तुझा चष्मा कुठाय, तो मागे गवतात.

माजी_हवालदार
सर्वांना नमस्कार. मी पोलीस खात्यात होतो. भरतीच्या वेळी मस्केट पण होती, चारशे दहा बोअरची. दिसायला थ्री नॉट थ्रीच, पण एका वेळी एकच गोळी. थ्री नॉट थ्रीत दहा बसतात, पाचाच्या दोन पट्ट्या वरून अंगठ्याने दाबायच्या. भरताना काडतुसाची कड बघायची, वरच्याची कड खालच्याच्या पुढे हवी. उलटी बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. नवीन पोरं तिथंच घामाघूम व्हायची.
फायरिंग झाल्यावर नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचो, मग पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, तेल. का, ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं तसं करायचं.

प्रसाद_डॅलस
@माजी_हवालदार काका, का ते मी सांगतो! जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये क्लोरेट असायचं, जळल्यावर नळीत मीठ उरतं, ते हवेतली ओल धरतं आणि दोन दिवसांत गंज. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी. नंतर नळी गरम असल्याने आपोआप वाळते. मी रशियन मोसिन नगांतला अजून हेच करतो, चहाची किटली घेऊन मागच्या अंगणात. शेजाऱ्याला वाटतं मी रायफलला चहा पाजतो.
मोसिन घेतली तेव्हा शंभर डॉलरच्या आत मिळायची, खोक्यातून काढून द्यायचे. आता पाचपट द्या तरी विचार करतात. आली तेव्हा कॉस्मोलीनमध्ये बुडवलेली, ते तपकिरी चिकट ग्रीस, लाकडाच्या आत मुरलेलं. पुसून पुसून संपेना, शेवटी काळ्या कचऱ्याच्या पिशवीत लाकूड भरून उन्हात ठेवलं, टेक्सासच्या उन्हात काकवीसारखं पाझरत होतं.

मीनल_प्रसाद
तेच ग्रीस माझ्या पोळीच्या फडक्याला लागलं होतं तेही लिहा की. फडकं फेकून द्यावं लागलं.

प्रसाद_डॅलस
@मीनल_प्रसाद तू इथे कधीपासून आहेस 😳

डब्बा_गोल
धागा वसूल 😂😂

कोकणी_बाण
आमच्याकडे आजोबांची ठासणीची होती, पीक राखायची. लष्करी नाही पण जुनी आहे म्हणून लिहितो. बार भरायचा, चिंध्या ठासायच्या, मग वानर. वानर हसत बसायचे कारण बार उडेपर्यंत ते पुढच्या आगरात. इलेक्शन आली की पोलीस स्टेशनला जमा करायची, मग निकालानंतर सोडवून आणायची, या भानगडीत आजोबा जास्त दमायचे. शेवटी लायसन सरेंडर केलं.

विदर्भ_वाघ
@कोकणी_बाण वानरांचं सोडा, आमच्याकडे रानडुकरं बघायला या. एका रात्रीत पऱ्हाटी साफ.

कोकणी_बाण
@विदर्भ_वाघ तुम्ही पण मरा आम्ही पण मरा. सौर कुंपण केलं का? सबसिडी मिळाली?

विदर्भ_वाघ
अर्ज केलाय. वेगळा धागा काढू.

निनाद_पुणे
भारतात हा छंद कसा करायचा ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. थोडक्यात, होत नाही. थ्री नॉट थ्री प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून तर ईशापूरवाल्यांनी थ्री फिफ्टीन काढली, तोच ली एनफिल्डचा सांगाडा, पण आठ मिलिमीटरची काडतुसं, पाचाचं मॅगझिन. गावोगावच्या बागायतदारांकडे दिसते ती हीच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच हत्यारं, त्यामुळे जमवणं वगैरे विसरा. वडिलांच्या नावाची एक, स्वतःची एक, झालं कलेक्शन. मी आपला पुस्तकं आणि म्युझियमवर भागवतो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला तासभर एकाच काचेपुढे उभा होतो, गार्डला संशय आला.

सत्यवान
थ्री नॉट थ्रीचं एवढं कौतुक करताय, २६/११ ला सीएसटीवर काय झालं सगळ्यांनी बघितलंय.

माजी_हवालदार
@सत्यवान साहेब, समोर एके असताना प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा. ती रायफल पहिल्या महायुद्धाच्या काळातली. तिच्या काळात ती चांगलीच होती. तरी त्या रात्री लोक तिच्यासकट उभे राहिले. जास्त बोलत नाही.

सत्यवान
काका, मला तेच म्हणायचं होतं. माफ करा, चुकीचं वाटलं असेल तर.

खडकीचा_बाब्या
@कृष्णाकाठ जुनी थ्री नॉट थ्रीची पुंगळी मिळाली तर तिचं बूड बघा. के.एफ. दिसलं की ती आमच्याकडची, किरकी फॅक्टरी, १८६९ पासूनची! आजोबा तिथे होते, वडील पण. घरात घड्याळ भोंग्यावर लावायचे. सातसहा-दोनच्या (७.६२ मिमी) गोळ्यांवर ओ.एफ.व्ही. असेल तर वरणगाव, भुसावळजवळ.

प्रसाद_डॅलस
@खडकीचा_बाब्या आहे माझ्याकडे के.एफ.ची एक! रेंजवर कुणीतरी टाकून गेला होता, उचलून आणली. आता देव्हाऱ्याशेजारी आहे.

मीनल_प्रसाद
होती. आता ड्रॉवरमध्ये आहे.

बे_एरिया_बंड्या
आता जरा ज्ञान पाजळतो. अमेरिकेत एच-वन व्हिसावर असाल तर उत्साहाच्या भरात काही विकत घेऊ नका. शिकारीचं चालू लायसन असेल तर अपवाद आहे, नाहीतर हातात धरणंही गुन्हा, आणि मग ग्रीन कार्डाचं काय होईल ते कल्पना करा. मी सिटिझन होईपर्यंत थांबलो. शपथविधी झाला आणि लगेच सी.एम.पी.कडे (जुन्या लष्करी रायफली लोकांना विकणारी संस्था) एम-वन गरांडची, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या जुन्या सेमी-ऑटो रायफलची, ऑर्डर टाकली, ते सिटिझनलाच देतात, वर एखाद्या क्लबची मेंबरशिप आणि नेमबाजी केल्याचा पुरावा. घरचे म्हणाले लोक आधी ओसीआय काढतात.
माझी डेन्मार्कला उसनी दिलेली आणि परत आलेली निघाली, नळीवर व्ही.ए.आर. ही डॅनिश खूण कोरलीय. आठ गोळ्यांची क्लिप, आठवी सुटली की क्लिप टिंग करून बाहेर उडते, त्या आवाजासाठीच लोक घेतात. भरताना अंगठा सांभाळा, बोल्ट पुढे येतो तो विचारून येत नाही. आमच्या रेंजवर एकाचं नख महिनाभर काळं होतं.

सायली_सिडनी
@कृष्णाकाठ एक महत्त्वाचं राहिलं. लाकूड काढून नीट बघा, कुठे डी.पी. ठोकलंय का. पट्टे खरवडून विकतात लोक. तसं असेल तर भिंतीवर लावा, गोळी घालू नका. आणि नसेल तरी हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) तपासून घ्या आधी.

निनाद_पुणे
+१. आणि मॅगझिनचा आकारही बघा. खाली चौकोनी असेल तर ती ६२ च्या युद्धानंतरची टू-ए, सातसहा-दोनची. दिसायला जुळी बहीण, गोळी वेगळी.

कृष्णाकाठ (ओहायो)
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. मॅगझिनचं बूड तिरपं आहे, चौकोनी नाही, म्हणजे थ्री नॉट थ्रीच. डी.पी. कुठे नाही. गनस्मिथकडे सोडली आहे, तो म्हणाला बोल्टचा नंबर आणि रायफलचा नंबर जुळतोय. गोळ्यांचं काय करू? एक जण पाकिस्तानी पी.ओ.एफ.ची (तिथली सरकारी दारूगोळा फॅक्टरी) पेटी स्वस्तात देतोय.

बे_एरिया_बंड्या
नको रे बाबा. चाप ओढला की टक्, मग काहीच नाही, आणि तू मान वर करणार इतक्यात धडाम. हँगफायर म्हणतात, त्या गोळ्या त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. घेतल्याच तर टक् झाल्यावर अर्धा मिनिट नळी टार्गेटकडेच ठेव, बोल्ट उघडू नकोस. नवीन बनावटीच्या घे, महाग आहेत पण पाणी ओतायची कटकटही नाही.

बासेलकर
स्वित्झर्लंडमधून हजेरी. इथे दरवर्षी फेल्डशीसन नावाचा नेमबाजीचा मेळा असतो, गावाच्या रेंजवर ३०० मीटरवर १८ गोळ्या, फुकट, आपण परदेशी असलो तरी घेतात. मला शेजारच्या आजोबांनी त्यांची के-३१ (स्विस सैन्याची जुनी रायफल) दिली. बोल्ट वळवायचा नाही, सरळ मागे खेचायचा. दस्त्याची पत्री उघडली की आत त्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी असते, त्यांच्या रायफलीत त्यांच्या वडिलांच्या नावाची होती. नंतर सॉसेज आणि बिअर. शाकाहारी असाल तर ब्रेड.

गोखले_कर्वेनगर
पोरगा स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं मेडल बघून रायफल रायफल करतोय. दहावीला आहे. काय करू?

डब्बा_गोल
@गोखले_कर्वेनगर एनसीसीत घाला. किंवा दहा मीटर एअर रायफलचा क्लास लावा. पण आधी बोर्डाची परीक्षा होऊ द्या हो काका.

गोखले_कर्वेनगर
तेच त्याच्या आईचं म्हणणं आहे. क्लासची फी किती असते साधारण? पुण्यात कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.

विदर्भ_वाघ
@कोकणी_बाण सौर कुंपणाचा धागा काढलाय, तिकडे या.