लेकीच्या कर्जाचे ७४ हप्ते झाले, पुढे काय?

लेक न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकवते. अमेरिकी केंद्र सरकारकडून शिक्षणासाठी घेतलेल्या (फेडरल) कर्जाचे ७४ हप्ते भरलेत. सरकारी नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं, ती माफी २०२५च्या कायद्यानं गेली का हो? मी इथे साताऱ्यात नुसती आकडे मोजत बसते.

— ताई, गेली नाही. ती २००७च्या कायद्यातली. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली ती बायडेन यांची सरसकट माफी.

— 'सेव्ह' योजनेत (उत्पन्नानुसार हप्ता ठरवणारी, कोर्टानं अडवलेली) अडकलीय का? त्यात हप्ते स्थगित होते ते महिने १२०मध्ये धरत नाहीत. आयबीआरचा (उत्पन्नानुसार हप्त्याची दुसरी योजना) अर्ज करायला सांगा.

— अडकलीय! म्हणूनच आकडा ७४वरून हलेना. आजच फोन करते.

— १ जुलै २०२६पासून नवं फेडरल कर्ज मात्र काढू नका, आयबीआर हातचं जाईल.