भूतान सुखी, आपण दुःखी? आठ दिवसांत कळलं वाटतं!

जुना_मीटर :
काल केदारची भूतान सहलीची पोस्ट वाचली. राजधानी थिंफूत सिग्नल नाही तरी गाड्या थांबतात, हॉर्न नाही, दवाखाना फुकट, जंगलच जंगल, माणसं हसरी. इथपर्यंत ठीक. पण शेवटी साहेब लिहितात, 'आपण लोकशाहीचे ढोल बडवत बसलो, त्यांनी सुख मोजलं.' इथे माझा चहा गार झाला.

अरे बाबा, ज्या राजाने 'सकल राष्ट्रीय आनंद' (उत्पन्नापेक्षा सुख मोजा, ही कल्पना) जगाला शिकवला, त्याच्याच काळात दक्षिणेकडच्या नेपाळीभाषकांना सांगितलं गेलं की १९५८ साली कर भरल्याची पावती दाखवा. ५७ची नको, ५९ची नको, ५८चीच. नसेल तर तू परका. तुझ्या आजोबांची पावती आहे का घरात? माझ्याकडे गेल्या वर्षीची घरपट्टीची पावती नाही. १९८९ला शाळेतून नेपाळी भाषा काढली, घो-किरा या तिथल्या पारंपरिक पोशाखाची सक्ती आली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लाखाच्या आसपास माणसं नेपाळच्या छावण्यांत. देशाच्या लोकसंख्येचा साधारण सहावा हिस्सा. तू ज्या शांततेचे फोटो टाकलेस त्यात ही माणसं नाहीत, कारण ती तिथे नाहीतच.

केदार_फिरस्ता :
मीटरकाका, मी सहलीचं लिहिलं होतं, प्रबंध नव्हता. तरी ऐका. माझी सोळा वर्षांची मुलगी थिंफूत रात्री साडेनऊला एकटी खाली जाऊन पाण्याची बाटली घेऊन आली. मी खिडकीतसुद्धा उभा राहिलो नाही. इथे ती क्लासहून येईपर्यंत तिची आई तीन फोन करते. हे स्वातंत्र्य तुम्ही कुठल्या कलमात बसवता? आपल्याला टीव्हीवर सरकारला शिव्या घालता येतात, बस. त्यांनी फाशी २००४ सालीच रद्द केली. ६० टक्के जंगल राखायचं हे राज्यघटनेतच लिहिलंय. आणि देशोदेशीचं स्वातंत्र्य मोजणाऱ्या अमेरिकेतल्या फ्रीडम हाऊस संस्थेच्या २०२५च्या अहवालात भूतान 'मुक्त', आपण २०२१पासून 'अंशतः मुक्त'. घ्या!

जुना_मीटर :
वा! एरवी हेच अहवाल गोऱ्यांचा कट असतात. मग जागतिक आनंद अहवालही घे. २०१९ साली तुझा सुखी देश ९५वा होता.

केदार_फिरस्ता :
आणि आपण १४०वे. पुढे बोला.

हिशोबी_पंत :
तुम्ही स्वातंत्र्यावर भांडा, पण भूतान आपल्या पर्यटकांकडून माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क घेतं, त्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? चौघांचे पाच रात्रींचे २४,००० नुसते श्वास घ्यायचे. हॉटेल वेगळं, गाइड वेगळा. आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाची माणसं १९६१पासून त्यांचे रस्ते बांधतायत, दरडीखाली मेली आहेत. वीज आपणच विकत घेतो, त्यांचं चलन आपल्या रुपयाला बांधलेलं. आणि शुल्क आपल्यालाच?

वृषाली :
पंत, वीज आपण उपकार म्हणून घेत नाही, लागते म्हणून घेतो. आणि शुल्क का लागलं ते आठवा. २०१९मध्ये आपलाच एक बाईकस्वार दोचुला खिंडीतल्या स्तूपावर चढून फोटो काढत होता. शिडी लावून! मी स्वतः टायगर्स नेस्टच्या (कड्यावरचा तो मठ) वाटेवर आपल्या मंडळींना खाकऱ्याची पाकिटं झुडपात खोचताना पाहिलंय. 'बायोडिग्रेडेबल आहे' म्हणे. प्लॅस्टिक!

हिशोबी_पंत :
एकाने स्तूपावर चढायचं आणि दंड सगळ्यांनी भरायचा, हा कुठला न्याय? पूर्वी एक पैसा नव्हता.

वृषाली :
बाकीच्या परदेशी लोकांना रात्रीला १०० डॉलर आहेत, ते मुकाट्याने भरतात. आपल्याला मात्र शेजाऱ्याचं अंगण फुकटच हवं. परवडत नसेल तर माथेरान आहे.

हिशोबी_पंत :
परवडण्याचा प्रश्न नाही ताई, तत्त्वाचा आहे. आणि माझ्या खिशात डोकावू नका.

साधासुधा :
तत्त्वाचा प्रश्न नेहमी १२०० रुपयांपाशीच कसा सुरू होतो हो पंत?

हिशोबी_पंत :
तुम्ही भरा ना माझे. मग मी तत्त्व सोडतो.

गेडूकर :
जरा थांबाल का सगळे? माझे वडील भूतानमधल्या ताला जलविद्युत प्रकल्पावर होते. मी गेडूच्या वसाहतीत सहा वर्षं राहिलेय (आता तिथे कॉलेज आहे). तिथे कुणी सुखी-दुःखी असं बोलत नसे, ऊन पडलं का एवढंच विचारत. गेडूत धुकं इतकं की दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही दमट.

केदारचं खरं आहे. माझ्या वर्गमैत्रिणीच्या आजोबांना सरकारी खर्चाने कोलकात्याला उपचारांसाठी पाठवलं होतं. एक रुपया लागला नाही. इथे माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही सोनं गहाण ठेवलं. तेव्हा 'दवाखाना फुकट' या दोन शब्दांवर हसू नका.

आणि मीटरकाकांचंही खरं आहे, त्यांचा सूर सोडून. शेजारच्या काकी नेपाळी बोलणाऱ्या. भाऊ नेपाळमधल्या झापाच्या छावणीत. घरातला कुणी 'गेलेला' असला की मागे राहिलेल्यांनाही पोलिसांचा ना-हरकत दाखला मिळेना. त्यांच्या मुलाची नोकरी त्यावर अडली. भावाचं पत्र आलं की काकी ते आमच्याकडे आणून वाचायच्या, आमच्या स्वयंपाकघरात, दार लावून. वाचून झालं की चुलीत. मी तेव्हा विचारलं होतं की ठेवत का नाही. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आणि काका, एक तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. भूतान-नेपाळ सीमा कुठेच लागत नाही. ती माणसं आपल्या जमिनीवरून गेली. आपण थांबू दिलं का?

जुना_मीटर :
नाही. मान्य. (लिहिताना बोट जड झालं, पण मान्य.)

साधासुधा :
तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

जुना_मीटर :
फार खूश होऊ नका. २००८ला निवडणुका आल्या, चांगलंच झालं, पण भिक्षूंना आजही मत नाही. आणि एवढं सुख आहे तर तिथली तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला का पळतायत? शिक्षक जातात, नर्सा जातात. केदार, एक विचारतो. आठ दिवस ज्याच्या गाडीत बसलास, त्याला घरच्यांबद्दल विचारलंस का?

हिशोबी_पंत :
घरी जायला त्यालाही रात्रीला १२०० पडत असतील.

केदार_फिरस्ता :
काका, विचारलं होतं. पुनाखाच्या झोंगपाशी (किल्ल्यासारखा मठ) त्याने डिकीतून पांढरं उपरणं काढलं, घोवर नीट घडी घालून घेतलं. त्याशिवाय आत सोडत नाहीत. आम्ही मात्र जीन्समध्ये. मी म्हटलं, कंटाळा येत नाही? म्हणाला, सवय आहे, बायको असताना ती घडी घालून द्यायची. बायको दोन वर्षं पर्थला आहे, वृद्धाश्रमात काम करते. मुलगा भूतानमध्येच आजीकडे.

हे पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. फोटोंखाली कुठे बसेना.

पण हॉर्न खरंच वाजवत नाहीत.