सॅल्मनच्या ओढ्यात ट्रकने खडी टाकतात ती कशासाठी? आणि आपल्या क्वारीखालच्या ओढ्याचं काय करता येईल?

ऐरोलीची_ताई
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबचा वाटेल पण शेवटी आपल्या इथलाच आहे. गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे कॅलिफोर्नियात रेडिंगला गेले होते, तिथे क्लिअर क्रीक नावाचा ओढा सॅक्रामेंटो नदीला मिळतो. जावई सकाळी सकाळी मासे दाखवायला घेऊन गेले. चिनूक सॅल्मनची मादी, चांगली हातभर लांब, पाण्यात आडवी होऊन शेपटीने खडी उडवत होती, शेपटीची कड झिजून पांढरीफटक झालेली, तरी थांबत नव्हती. असा खळगा करून त्यात अंडी घालते आणि मग काही दिवसांत मरते म्हणे. समुद्रातून एवढ्या लांब त्यासाठी येते. मला बराच वेळ तिथून हलवेना.

जावई म्हणाले १८४८ मध्ये इथे सोनं सापडलं आणि खाणवाल्यांनी ओढा पार उलथून टाकला, काठाला गोट्यांचे ढीग अजून पडलेत. आता तिथे ट्रकने खडी आणून टाकतात. हेच मला कळत नाहीये. सोन्याचं काम बंद होऊन इतका काळ गेला, ओढा आपोआप का नाही सुधारला? आणि दगड तर तिथे ढिगाने आहेत, मग वर अजून कशाला?

विचारायचं कारण म्हणजे आमच्या मागे पारसिकच्या डोंगरातून एक ओढा उतरतो. वरची क्वारी बंद झालीये, पण तळाला हात घातला की सिमेंट कालवल्यासारखा राखाडी गाळ हाताला लागतो. आम्ही दहाबारा जण रविवारी प्लास्टिक उचलतो, त्यापुढे काय करावं सुचत नाही.

घोडबंदर_सिव्हिल
ताई, ढिगातले दगड मोठे आहेत, खरी गोची तिथेच आहे. सोन्याचे ड्रेजर म्हणजे पाण्यावर तरंगणारं यंत्र, बादल्यांच्या साखळीने पार खालच्या कातळापर्यंत सगळं उपसायचं, सोनं काढून घ्यायचं आणि उरलेलं मागे फेकायचं. बारीक माल खाली जायचा आणि मोठे गोटे वरती, म्हणजे जमीनच उलटी झाली. वर माती नाही म्हणून झाड धरत नाही, झाड नाही म्हणून सावली नाही आणि पाणी तापतं, आणि ढीग भिंतीसारखे उभे असल्यामुळे पुराचं पाणी पसरत नाही, सरळ जोरात धावतं आणि कामाची खडी घेऊन जातं. हे शंभर वर्षांत काय, आपोआप कधीच सुधरत नाही.

मादीला लागते साधारण सुपारीपासून मुठीपर्यंतची खडी, कारण तेवढीच तिला शेपटीने हलते. अंडी वीतभर खोल पुरलेली असतात आणि खडीच्या फटीतून पाणी वाहत राहिलं तरच त्यांना ऑक्सिजन मिळतो. फटीत गाळ बसला की अंडी गुदमरली. त्यात वर व्हिस्कीटाउनचं धरण आहे, १९६३ मधलं, म्हणजे डोंगरातून येणारी नवीन खडी तिथेच अडते. खाली काँक्रीटसाठी उपसली ती वेगळीच. म्हणून ट्रक. काठावर ओततात आणि पूर ती पुढे पसरवतो, एकदा टाकून भागत नाही. शिवाय खालचा जुना सेल्टझर बंधारा २००० मध्ये काढून टाकला, मासे वर जायला लागले. खाणीचे खड्डे बुजवून, काठ उतरता करून पाण्याला पसरायला जागा दिली, झाडं लावली. मला विचाराल तर बंधारा काढणं हे सगळ्यात मोठं काम.

कळवा_केमिस्ट
यात पारा विसरू नका. सोनं धरायला त्या काळी पारा वापरायचे आणि तो गाळात अजून आहे, म्हणून तिथले ढीग जेसीबी लावून सरळ उकरता येत नाहीत, आधी तपासायला लागतं, नाहीतर तोच पारा माशांमध्ये उतरणार. रेडिंगजवळच आयर्न माउंटनची खाण आहे, तिथल्या आतल्या पाण्याचा पीएच (ॲसिडपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) उणे ३.६ मोजलाय, म्हणजे शून्याच्याही खाली! तांबं, जस्त, कॅडमियम सगळं त्या पाण्यातून सुटतं, चुना घालून ते शांत करावं लागतं आणि खाण बंद असली तरी हे काम बंद करता येत नाही.
आपला दगड बेसाल्ट आहे, तिथल्यासारखी गंधकाची खनिजं त्यात भरलेली नाहीत, त्यामुळे ॲसिडची तेवढी भीती नाही. तुमच्या हाताला लागतो तो बहुतेक क्रशरचा, म्हणजे दगड फोडायच्या यंत्राचा डस्ट. तो कुठून उतरतोय ते आधी शोधा.

घणसोलीचा_भूमिपुत्र
ताई एक सांगतो, खडी टाकायच्या भानगडीत पडू नका. आपले मासे सॅल्मनसारखे खडीत घर करत नाहीत. (रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात पण त्याचा आणि सॅल्मनचा काही संबंध नाही, रावस खाडीतला आणि समुद्रातला.) आपल्याकडे वलगण असते. पहिला मोठा पाऊस पडला की मळे, शिंगटी हे मासे पाण्याच्या विरुद्ध चढतात आणि भरलेल्या शेतात, गवतात अंडी सोडतात. माझी आजी छपरावर पावसाचा आवाज ऐकूनच सांगायची, आज वलगण चढणार. आता शेतं गेली आणि ओढ्याला रस्त्याखाली पाइप टाकले. पाइपाचं तोंड पाण्यापासून वर असेल तर मासा तिथेच उड्या मारून मरतो, मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा पहिल्या पावसाला छत्री घेऊन रस्त्याखालच्या पाइपापाशी जाऊन उभ्या राहा. आणि चढणारा मासा पोटात अंडी घेऊन आलेला असतो, त्याला पाग (फेकायचं जाळं) टाकू देऊ नका, आमच्याच लोकांना मी हे सांगत असतो.

ऐरोलीची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन गेलो होतो. पाइपाचं तोंड पाण्यापासून सव्वादोन फूट वर आहे! आणि डस्ट वरच्या एका जुन्या ढिगातून येतोय, पावसाच्या घळी स्पष्ट दिसतात.

घोडबंदर_सिव्हिल
मग आधी ढीग. पायथ्याला जाळीत दगड भरून बांध घाला, त्याच्या मागे गाळ बसायला खड्डा, उतारावर वाळा लावा, त्याची मुळं माती घट्ट धरतात. पाइपाखाली मोठे दगड पायऱ्यांसारखे रचले की पाणी टप्प्याटप्प्याने वर येईल, एक टप्पा अर्ध्या फुटाच्या आत ठेवा. पण वॉर्ड ऑफिसची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक दगडही हलवू नका. फोटो पाठवा, स्केच मी काढून देतो.

घणसोलीचा_भूमिपुत्र
दगड रचायला मी येतो, सोबत चार पोरं आणतो. जूनच्या आत उरकलं पाहिजे.