शब्दचर्चा : 'चर्चचा सभासद' की 'मंडळीतला'?

भाषांतर-हमाल :
एका मंडळीसाठी चार पानी पत्रक मराठीत करते आहे. नव्याने येणाऱ्यांना आपण नेमके कशात सामील होतो आहोत हे सांगणारे. मूळ इंग्रजीत सगळीकडे 'मेंबर'. मी शीर्षक केले 'चर्चचे सभासद होणे : अर्थ आणि महत्त्व'. तिथल्या एका वडिलांनी (म्हणजे पंचांपैकी, माझ्या वडिलांनी नव्हे) पेन्सिलने शेरा मारून परत पाठवले : "बाई, हे गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं." पटलेही. पण मग लिहू काय? सदस्य? घटक? बायबलात 'अवयव' आहे, ते चालेल का? आणि दुसरी शंका, बाप्तिस्मा घेणे आणि सभासद होणे एकच ना?

नगरी :
एकच नाही. आधी पहिल्या प्रश्नाकडे येतो.

आमच्याकडे 'चर्च' म्हणजे इमारत. घंटा चर्चची, पत्रे गळतात ते चर्चचे. माणसे मात्र 'मंडळी'. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला बस्तान बसवले, तेव्हापासून हा शब्द आमच्या तोंडात असा बसलाय की वेगळा काही असू शकतो हेच ध्यानात येत नाही. माझी आजी कोणाबद्दल 'सभासद झाला' असे कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "थोरल्याला ईस्टरला मंडळीत घेतलं."

क्रियापद बघा. घेतलं. 'सभासद होणे' यात करणारा एकटा तो. 'मंडळीत घेणे' यात करणारी मंडळी.

शब्दवेडा :
नगरी यांचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात थोडी व्युत्पत्तीची भर.

मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे हाक देऊन जमवलेली सभा. अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हेच नाव होते, धर्माचा त्यात संबंध नव्हता. त्यावरूनच पोर्तुगीज 'इग्रेजा' आणि गोव्यातली 'इगर्ज'. इंग्रजी 'चर्च' वेगळ्या मुळाचा, 'प्रभूचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला. म्हणजे 'मंडळी' निवडणाऱ्या जुन्या भाषांतरकारांनी इंग्रजीला बाजूला सारून थेट ग्रीकचा अर्थ पकडला.

व्याकरणातली गंमतही सांगतो. आपल्या रोजच्या मराठीत 'मंडळी' समूहवाचक : "काय मंडळी, जेवलात का?" या अर्थी तिचे अनेकवचन कोणी करत नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र सर्रास होते. प्रकटीकरणाच्या पुस्तकातला योहान 'सात मंडळ्यांना' लिहितो. बाहेरच्या वाचकाला हा 'मंडळ्या' खटकतो, आतल्याला खटकत नाही. एखाद्या समाजाची स्वतःची मराठी कुठे सुरू होते ते ओळखायची ही चांगली खूण.

'मेंबर' लॅटिनमधल्या 'मेम्ब्रुम'वरून, अर्थ हात, पाय, अवयव. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात हाच दाखला आहे : पाय म्हणाला, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तर तेवढ्याने तो शरीराचा नाही असे होत नाही. 'सभासद' म्हणजे सभेत बसणारा. बसणारा उठून जाऊ शकतो, सभा चालू राहते. पाय उठून जाऊ शकत नाही.

तरीही शीर्षकात 'अवयव' नको. 'चर्चचे अवयव व्हा' हे अवयवदान शिबिराचे पोस्टर वाटेल.

वसईकरीण :
😀 शिबिराचे हसले. पण आमच्याकडे कॅथलिकांत हा प्रश्नच पडत नाही हो. 'सभासद होऊ का' असे कोणी विचारत नाही. बाळाचा स्नानसंस्कार झाला (आमच्या मराठीत 'बाप्तिस्मा'पेक्षा हा शब्द जास्त) की ते आत आले. नाव धर्मग्रामाच्या वहीत चढते. पॅरिशला आम्ही धर्मग्राम म्हणतो आणि तिथल्या माणसांना धर्मग्रामस्थ. ग्रामस्थ व्हायला कोणी अर्ज करतो का? गावात जन्मलात, झालात.

त्या वहीबद्दल सांगायला हवे. स्नानसंस्काराची एक ओळ असते. पुढे दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झाले, लग्न झाले, की त्याच ओळीच्या कडेला नोंद होते. माझे लग्न ठरले तेव्हा दुसऱ्या गावच्या फादरांनी स्नानसंस्काराचा नवा, ताजा दाखला मागितला. मी म्हटले, घरी आहे की जुना! नाही चालणार. कारण जुन्यावर कडेच्या नोंदी नसतात. मी गावी गेले, लिपिकाने वही काढली, आणि वडिलांनी माझे नाव सांगताना जे स्पेलिंग चुकवले होते ते तीस वर्षे तिथे तसेच होते.

नगरी :
वसईताई, हीच तर दुसऱ्या शंकेची किल्ली. तुमच्याकडे दार एकच, आमच्याकडे दोन. लहानपणी बाप्तिस्मा, आणि कळत्या वयात 'मंडळीत घेणे'. मधल्या काळात आम्ही मंडळीचे होतो, पण प्रभुभोजनाचे (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीचे) ताट आमच्या नाकासमोरून पुढे जायचे. शेजारी आई भाकर घ्यायची, मी बघायचो. सोळाव्या वर्षी पाळकसाहेबांच्या वर्गाला बसलो, प्रश्नोत्तरे पाठ केली, सगळ्यांपुढे उभा राहिलो. पाळकांनी मला विचारले, विश्वास ठेवतोस का. मग बाकांकडे वळून मंडळीला विचारले, तुम्ही याला सांभाळाल का. मंडळी 'हो' म्हणाली. त्या 'हो'मध्ये माझा गणिताचा मास्तरही होता, म्हणून तो दिवस जरा जास्तच लक्षात आहे.

तिसरीही तऱ्हा आहे. बॅप्टिस्ट वगैरे मंडळ्यांत बाळाचे फक्त समर्पण होते, बाप्तिस्मा स्वतः कबुली दिल्यावर. तिथे बाप्तिस्मा आणि मंडळीत येणे जवळजवळ एकाच दिवशी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या. म्हणून पत्रकात 'बाप्तिस्मा म्हणजेच सभासदत्व' असे वाक्य चुकूनही टाकू नका. कोणाची तरी आजी दुखावेल.

खवचट :
सगळे गोड चाललेय, पण 'सभासद' शब्दाला इतके हिणवू नका. वर्गणी, मतदारयादी, वार्षिक सभेतली हमरीतुमरी, यांना दुसरा कुठला शब्द आहे? मी ज्या मंडळीत वाढलो तिथे कमिटीच्या निवडणुकीआधी सभासद वाढायचे आणि निकालानंतर बाके रिकामी. सहकारी कायद्यात 'नाममात्र सभासद' आणि 'क्रियाशील सभासद' असतात, तसे आमच्याकडेही आहेत, फक्त तसे कोणी म्हणत नाही. 'अवयव' म्हटले की थकबाकी मागता येत नाही.

नगरी :
खरे आहे. थकबाकीदार अवयव मी पण आहे.

जुनी पाने :
एक धागा राहून गेला. मराठीत 'घेणे' या क्रियापदाला आधीच एक घर होते : जातीत घेणे, पंगतीत घेणे. आणि उलट बाजूला वाळीत टाकणे. एकोणिसाव्या शतकात जो ख्रिस्ती व्हायचा त्याला घरचे 'बाटला' म्हणायचे, पाणवठा तुटायचा, पंगत तुटायची. अशा माणसाला 'मंडळीत घेतले' म्हणजे नुसते यादीत नाव घातले असे नव्हे. मुलीला स्थळ कोण बघणार, आजारपणात उशाशी कोण बसणार, मेल्यावर खांदा कोण देणार, या सगळ्यांचे उत्तर त्यात होते. आज 'सभासदत्वाचे महत्त्व' लिहायला परिच्छेद लागतात. तेव्हा ते संध्याकाळी चूल पेटवतानाच कळत असे.

पण याच शब्दाची भिंतही होते, हे ओळखणारे आपल्यातच झाले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, पण त्या पंथाची प्रत्येक शिकवण डोळे मिटून मानायला तयार झाल्या नाहीत. तिथल्या मठातल्या भगिनींशी (नन्सशी) त्यांचा पत्रांतून यावर खडाजंगी वाद झाला. ख्रिस्ताचे होणे आणि अमुक चर्चचे होणे यांत त्या फरक करत. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. १९१७ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. नाव बघा किती विचार करून ठेवलेय. मंडळीत 'घेतात', सभेत 'बसतात', दरबारात नुसते हजर व्हायचे. बोलावणारा वर बसलेला, बाकी कोणी दारावर यादी तपासत नाही.

माझे मत विचाराल तर टिळकांचा शब्द सुंदर, पण त्यात खांदा देणाऱ्यांची सोय नाही. दरबारी एकमेकांना ओळखतातच असे नाही.

वसईकरीण :
शेवटचे वाक्य जरा कठोर झाले, पण असो. हमालताई, 'मंडळीत येणे' कसे वाटते? 'होणे' कोरडे, 'घेणे' मध्ये येणाऱ्याला बोलायला जागा नाही.

शब्दवेडा :
'मंडळीत येणे' उत्तम. फक्त जुन्या वळणाच्या घरात 'आमची मंडळी' म्हणजे बायको, तेवढे लक्षात असू द्या.

भाषांतर-हमाल :
सगळ्यांचे आभार. शीर्षक केले : 'मंडळीत येताना'. आत 'अवयव' एकदाच, पौलाच्या दाखल्यापाशी. बाप्तिस्म्याचे वाक्य काढले. वडिलांनी शीर्षक वाचून नुसती मान हलवली, पेन्सिल काढली नाही.

मागच्या पानावरच्या अर्जात मात्र त्यांनीच 'सभासद क्रमांक' ठेवायला लावला, वहीत तसाच रकाना आहे म्हणून. खाली सहीसाठी एकच ओळ होती, 'अर्जदार'. नगरींचा गणिताचा मास्तर आठवला, म्हणून विचारून दुसरी ओळ वाढवली : 'मंडळीतर्फे'.